गुपित विचारणारी चौकट

संगणकावर काम चाललें असतां पडद्यावर एक लहानशी चौकट एकाएकीं उघडते आणि गुप्त अंक मागते. आपण ते देतों, अंकांच्या जागीं टिंबें उमटतात आणि चौकट मिटते. हे अंक नेमके कोणाच्या कानीं गेले, असें आपण सहसा विचारीत नाहीं. या चौकटीचा इतिहास मात्र त्याच प्रश्नाभोंवतीं फिरतो.

एकच संगणक अनेकांनीं एका वेळीं वापरण्याची व्यवस्था फर्नांडो कॉर्बातो यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत १९६१ सालीं करून दाखविली. यंत्र सामाईक, लेखन ज्याचें त्याचें. म्हणून प्रत्येकास एक सांकेतिक शब्द मिळाला. हे सारे शब्द एकाच यादींत साध्या लिपींत ठेवलेले होते. १९६६ सालीं दोघे कारभारी एकाच वेळीं दुरुस्तीस बसले. एकापुढें ही यादी, दुसऱ्यापुढें रोजची सूचना. दोन्ही कच्च्या प्रतींना यंत्रानें एकच नांव दिलें आणि त्यांची अदलाबदल झाली. मग जो कोणी कामास बसे, त्याच्यापुढें सूचनेऐवजीं सर्वांचीं गुपितें छापून येत! चोर कोणीच नव्हता.

अंकांची कथा बँकेंतली. उत्तर लंडनमध्यें एनफील्ड येथें २७ जून १९६७ रोजीं बार्कलेज बँकेचें पैसे देणारें यंत्र सुरू झालें. त्याचे कल्पक जॉन शेफर्ड-बॅरन. (त्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा.) त्यांना सहा अंक हवे होते, आपल्याला चारच ध्यानांत राहतात असें पत्नीनें सांगितलें आणि चार ठरले, असें ते सांगत. चार अंकांचे प्रकार अवघे दहा हजार. म्हणून चुका मोजणें यंत्रास भाग पडतें.

बँकेच्या यंत्रावरील कळा बँकेच्या. घरच्या संगणकाचा कळफलक मात्र सर्व प्रोग्रॅमांचा सामाईक. तेथें मागणाराच लबाड असूं शकतो. जर्मनीच्या व्हर्नर कॉख यांच्या ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’नें यावर योजलेली युक्ति मला फार शहाणपणाची वाटते. पत्रें उघडणारा मोठा प्रोग्रॅम गुपित विचारीतच नाहीं. ‘पिनएन्ट्री’ नांवाचा इवलासा प्रोग्रॅम तेवढ्यापुरता येतो, शक्य असेल तेथें कळफलक स्वतःकडे घेतो, ऐकलेलें किल्ल्या सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमास सांगतो आणि निघून जातो. मोठ्या प्रोग्रॅमांत चूक राहिली, तरी त्याच्या हातीं गुपित आलेलेंच नसतें.

ज्यानें संगणकाचाच ताबा घेतला त्याच्यापुढें ही युक्ति लंगडी पडते. त्यासाठीं किल्ली वेगळ्या कार्डांत ठेवतां येते. अंक अखेर कार्डास पोंचतात, चुकाही तेंच मोजतें. आणि सामान्यतः तीन चुका झाल्या कीं तें धन्यालाही दाद देत नाहीं.