लिनक्सवर ‘मालक’ कोण? समजून घ्या सुडो ग्रुप

मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतलेला जुना लॅपटॉप दादरहून गाडीने गावी येतो. कधी त्यात विंडोजऐवजी उबुंटू टाकलेलं असतं. ही लिनक्स प्रणाली फुकट आहे. पण नवं सॉफ्टवेअर टाकताना ती पासवर्ड मागते, आणि घरातल्या एकाचा चालतो, दुसऱ्याचा चालत नाही. याचं कारण ग्रुपमध्ये आहे.

लिनक्समध्ये सगळे अधिकार ‘रूट’ या खात्याकडे असतात. उबुंटूत या खात्याने थेट लॉगिन करणं आधीपासूनच बंद असतं. इन्स्टॉल करताना बनलेलं पहिलं खातं ‘सुडो’ ग्रुपमध्ये जातं. या ग्रुपमधल्या माणसाने कमांडच्या आधी सुडो लिहून स्वतःचाच पासवर्ड दिला, की तेवढं काम रूटच्या अधिकाराने होतं. फेडोरा आणि रेड हॅटमध्ये अशाच ग्रुपचं नाव ‘व्हील’ आहे. सी-डॅकचं बॉस लिनक्स ज्या डेबियनवर बेतलंय, त्यात इन्स्टॉलच्या वेळी रूटचा पासवर्ड ठरवला तर पहिलं खातं सुडो ग्रुपमध्ये जातच नाही. नवखे इथेच अडकतात.

ग्रुपच्या नावात जादू नाही. ‘सुडोअर्स’ फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ग्रुपचं नाव अशी ओळ असते, अधिकार तिच्यामुळे मिळतो. ही फाइल ‘व्हीआयसुडो’नेच उघडावी, लिहिण्यातली चूक ती आधीच दाखवते.

कुणाला ग्रुपमध्ये घ्यायचं तर ‘युझरमॉड’ कमांड वापरतात. तिच्यात वजा चिन्हानंतर इंग्रजी छोटा ए आणि मोठा जी, दोन्ही हवेत. छोटा ए राहिला तर त्या माणसाचे बाकीचे जोडलेले ग्रुप सुटतात. एकुलत्या एक ॲडमिनचा सुडो ग्रुप असा सुटला तर रिकव्हरी मोडमध्ये जाऊनच तो परत मिळवावा लागतो. बदल दिसायला लॉगआऊट करून पुन्हा लॉगिन करा.

सुडोने केलेल्या कामाची नोंद राहते, कुणी केलं तेही कळतं. शाळेच्या लॅबमध्ये किंवा पतसंस्थेत सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तर ही नोंद काही कामाची नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं आणि सुडो ग्रुपमध्ये एक-दोघंच. पोरांना तिथे घ्यायची गरज नसते.

हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे, पण तिथे रूटचा अधिकार फोन घेणाऱ्याला मिळत नाही. खटपट करून तो मिळवला तर बँकांची बरीच ॲप चालायला नकार देतात.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत बघायला मिळतात.