सपाट नाकाची गोळी

अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीचं लाडकं काडतूस कोणतं, यावर वाद घालणारे घालोत. माझं मत विंचेस्टरच्या थर्टी-थर्टीला. जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४ची रायफल सुरुवातीला काळ्या दारूच्या काडतुसांवर विकली गेली. बार उडाला की समोर धूरच धूर. हरीण पडलं की पळालं, ते मागाहून कळायचं. १८९५ साली बिनधुराच्या दारूचं थर्टी-थर्टी आलं आणि रायफलीचं नशीब फळफळलं. पुढे ती सत्तर लाखांवर खपली.

तिची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या टोपीवर टेकतं. टोकदार गोळी तिथे धोक्याची, म्हणून नाक सपाट. अशी गोळी लांबवर मंदावते, हे खरं. पण पेनसिल्वेनियाच्या दाट रानात दोनशे यार्ड मोकळे दिसतात कुठे?

काळ्या अस्वलालाही ती जवळून पुरते. अलास्कातल्या तपकिरी अस्वलापुढे मात्र मी ती नेणार नाही. तिथे १८७३च्या लष्करी .४५-७०वर अजून भरवसा ठेवतात, किंवा १९०६च्या थर्टी-ऑट-सिक्सवर. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत लष्करी स्प्रिंगफील्ड घेऊन गेले खरे, पण सिंहासाठी त्यांची भिस्त विंचेस्टरच्या .४०५वर होती.