‘डिडक्ट’ : एका क्रियापदाची कुळकथा

हिशेबाच्या वहींतील शब्दांनाहि इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. काव्यांतील शब्दांची व्युत्पत्ति आपण हौसेनें शोधतों. परंतु पगाराच्या कागदावर दरमहा भेटणाऱ्या ‘डिडक्ट’ या इंग्रजी क्रियापदाकडे मात्र, त्याच्यापुढील आंकडा पाहून उसासा टाकण्यापलीकडे, आपण लक्ष देत नाहीं. या शब्दाची कुळकथा पाहिली तर तींत केवळ व्याकरण नाहीं, भाकरीचा प्रश्नहि आहे असें दिसून येतें. म्हणून ती थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्यांतील ‘डी’ या उपसर्गाचा अर्थ खालीं किंवा दूर, आणि ‘ड्यूकेरे’ या धातूचा अर्थ नेणें. या एकाच मुळापासून इंग्रजींत ‘डिड्यूस’ आणि ‘डिडक्ट’ हीं दोन भावंडें जन्मलीं. आरंभीं दोघांचे व्यवहार एकत्रच होते. अनुमान काढणें आणि रक्कम वजा करणें या दोन्ही अर्थीं दोन्ही शब्द योजिले जात. पुढें वांटणी झाली. अनुमान ‘डिड्यूस’च्या वांट्यास गेलें, पैसा ‘डिडक्ट’च्या. नाम मात्र दोघांचें सामायिकच राहिलें. ‘डिडक्शन’ म्हणजे तर्कशास्त्रांतील निगमन आणि ‘डिडक्शन’ म्हणजे पगारांतील कपातहि!

‘सबट्रॅक्ट’ हा दुसरा इंग्रजी शब्द शाळेंतल्या पाटीवरचा आहे. दहांतून तीन गेले तर सात उरतात, यांत कोणाचेंहि कांहीं बिघडत नाहीं. ‘डिडक्ट’ला मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें कोणाची तरी येणें असलेली रक्कम लागते, ती देणारा लागतो, आणि कमी देण्यास कांहीं तरी कारण लागतें. दहा रुपयांतून तीन वजा केले, म्हणजे ते तीन एकाच्या हातीं येत नाहींत आणि दुसऱ्याच्या हातीं राहतात.

आपल्या भाषेंतहि हा भेद आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या ‘लीलावती’ंत या गणितकृत्यास ‘व्यवकलित’ म्हटलें आहे. व्यवहारांत मात्र ‘वजा’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेनें येऊन रुजला; त्याचा मूळ अर्थ खालीं ठेवणें. लॅटिन आणि अरबी या दोन भिन्न कुळांतल्या भाषांनीं एकाच क्रियेस खालीं जाण्याचीच कल्पना लावावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. परंतु ज्याला झळ लागते तो ‘माझा पगार वजा केला’ असें म्हणत नाहीं. तो ‘पगार कापला’ असें म्हणतो. हिशेबनीस वजा करतो, मजुराचें कापलें जातें. क्रिया एकच, पण बोलणारा बदलला कीं शब्द बदलतो.

इंग्लंडमध्यें या शब्दाचा खरा कस कारखान्यांत लागला. मजुरीच्या ऐवजीं आपल्याच दुकानांतील माल कामगारांच्या गळीं मारण्याची चाल तेथें होती. १८३१ च्या ‘ट्रक’ कायद्यानें कित्येक धंद्यांत मजुरी नाण्यांतच द्यावी असें ठरविलें. पण मालाची वाट बंद झाली तरी दंडाची व नुकसानभरपाईची वाट उघडीच होती. म्हणून १८९६ त आणखी एक कायदा करून, आगाऊ ठराव किंवा जाहीर सूचना असल्यावांचून आणि रक्कम वाजवी असल्यावांचून अशी कपात करूं नये, असा निर्बंध घालावा लागला.

मुंबईच्या गिरण्यांतहि तीच गोष्ट घडत होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘डबल खाडा’, बिघडलेलें कापड विणकराच्याच माथीं मारून त्याची किंमत वळती करून घेण्याची रीति आणि नाना प्रकारचे दंड यांनीं पगाराचा दिवस कडू होत असे. १९२९ त नेमलेल्या व्हिटली कमिशननें या प्रश्नाचा विचार केला. आपले नारायण मल्हार जोशी त्या कमिशनचे एक सभासद होते. त्यानंतर १९३६ चा मजुरी देण्याविषयींचा कायदा झाला.

या कायद्यानें क्रियापदाचा कर्ताच बदलून टाकला. पूर्वी मालक सांगेल ती कपात. आतां कायद्यानें मोजून दिलेल्या कारणांखेरीज कपातच नाहीं. दंड रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, पंधरा वर्षांखालील मुलांस तो करूं नये, कामगारास आपली बाजू मांडूं द्यावी, आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच हितासाठीं खर्चावा, असे नियम झाले. कामगारानें मालकास आपल्या हातानें दिलेली रक्कमहि ‘डिडक्शन’च समजावी, अशी व्याख्या त्यांत घातली, हें विशेष मार्मिक होय. कारण पूर्ण पगार हातावर ठेवून दाराआड त्यांतला कांहीं परत घेणारा कधींच कांहीं ‘कापीत’ नसतो!

तरी हें दान सर्वस्वी उदार नव्हतें. दहा किंवा अधिक कामगार संगनमतानें, सूचनेवांचून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची मुभा त्याच कायद्यानें दिली. एकट्याच्या खाड्यास आळा घातला, संघटितांच्या खाड्याची किंमत मात्र वाढविली. पुढें २०१९ त संसदेनें संमत केलेल्या वेतनसंहितेंत या कायद्याचा विषय समाविष्ट झाला. आणा तर व्यवहारांतून केव्हांच गेला आहे. क्रियापद मात्र जागच्या जागीं आहे.

तर्कांतील ‘डिडक्शन’ला आपण आधार विचारतों. गृहीत काय, त्यावरून निष्कर्ष कसा निघाला, हें पाहिल्यावांचून तें मान्य करीत नाहीं. पगारांतील ‘डिडक्शन’ला तोच प्रश्न विचारण्यास माणसांस शतकें लागलीं. घरच्या मोलकरणीचे खाडे मोजतांना आपल्याच हातून तो प्रश्न विचारावयाचा राहत नाहीं ना, एवढें वाचकांनीं मनाशीं पाहावें.