बाप्तिस्म्याच्या वहीपलीकडे : गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यांचा वंशशोध

गोमंतकातील ख्रिस्ती घराण्यांचा पूर्वजशोध बहुधा गावच्या चर्चमधील नोंदवह्यांपासून सुरू होतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. मृत्यूच्या नोंदीचा नमुना १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने घालून दिला. वाळवी आणि दमट हवा यांतून ज्या वह्या वाचल्या, त्यांत मूल, आईबाप व धर्ममातापिता यांची नावे पोर्तुगीज भाषेत आढळतात.

दफनभूमी त्या मानाने मुकी. पूर्वी अनेकांचे दफन चर्चच्या फरशीखालीच होई. १८३५ च्या पोर्तुगीज हुकमानंतर ही प्रथा मागे पडत गेली. शिवाय जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी अस्थी काढून त्याच खड्ड्यात दुसऱ्यास मूठमाती दिली जाते. कोलकात्यातील पार्क स्ट्रीटच्या इंग्रजी दफनभूमीत (१७६७) वंशजाला जसे कोरीव शिलालेख लाभतात, तसे भाग्य सामान्य गोमंतकीयाच्या वाट्याला क्वचितच येते.

खरा पेच मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदीतच आहे. धर्मांतरिताला पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळे. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे निराळी असू शकत आणि समान आडनावाची दोन घरे परस्परांची कोणीही नसत. आडनावाच्या आधाराने वंशवृक्ष रचणारा येथेच फसतो. पूर्वज ज्या पानावर प्रथम सापडतो, त्याच पानावर त्याचे आधीचे नाव पुसले गेलेले असते.

ही भिंत ओलांडायची तर गावकरीच्या दप्तराकडे वळावे लागते. धर्म बदलला तरी गावकराचा ग्रामसंस्थेतील वाटा टिकून राहिला व तो पुरुषपरंपरेने पुढे गेला. साहजिकच वांगडांच्या नोंदी कुळाचा धागा धर्मांतरापलीकडे नेऊ शकतात. तथापि या दप्तराला स्त्रिया ठाऊक नाहीत. आई, आजी, पणजी यांचा माग काढण्यास पुन्हा चर्चचीच वही उघडावी लागते. आणि ज्यांना गावकरीत वाटाच नव्हता, त्या कष्टकरी कुळांना तर दुसरा आधारच नाही. वंशशोधाच्या लेखनात या कुळांची उपेक्षा झाली आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेण्यात आला. गावात राहून बाप्तिस्मा घेतलेल्या एखाद्या घराण्याचा शोध म्हणूनच चर्चच्या वहीतून निघून मंगेशीच्या महाजनांपर्यंत जाऊन पोचू शकतो.