जुन्या पत्त्यावर गेलेलं इन्सुलिन

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे तिचं शरीर स्वतःचं इन्सुलिन तयारच करत नाही. रोज रात्री एक लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी एक झटपट काम करणारं, असं मिळून दिवसाला वीसेक युनिट तिला टोचावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात ताई आणि भाऊजी नागपूरचं भाड्याचं घर सोडून वर्ध्याला राहायला आले. त्यानंतर काही आठवड्यांनी जे घडलं ते सगळ्यांचे फोन, मेसेज आणि ग्लुकोमीटरमधल्या नोंदी जुळवून मी इथे मांडते आहे. ज्यांच्या घरात इन्सुलिनवर जगणारं मूल आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून.

सोमवार, दुपारी १ : १२३ तास आधी

नवतपा सुरू होता. नागपूरचा पारा ४५ च्या घरात. जुन्या सोसायटीच्या फाटकाशी डिलिव्हरीवाल्याने थर्माकोलचा खोका वॉचमनच्या हाती दिला. ओटीपी मागितला नाही, फोन केला नाही. औषधं घरपोच पाठवणाऱ्या कंपनीच्या ऍपमध्ये ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद झाली.

ताईने घर बदलताना ऍपमधला पत्ता बदलला होता. तो बदल फक्त नव्या ऑर्डरींना लागू झाला. दर महिन्याला आपोआप निघणारी ऑर्डर मात्र जुन्याच पत्त्याला चिकटून राहिली, आणि तसं कंपनीने कुठेही कळवलं नाही. पोस्टात जागा बदलल्याचा अर्ज दिला की टपाल नव्या पत्त्यावर वळवता येतं. इथे अर्ज कुणाकडे द्यायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

खोका वॉचमनच्या खोलीत गेला. खोलीला टिनाचं छप्पर, पश्चिमेला भिंत, कुलर नाही. खोक्यात बर्फाच्या जेलच्या थैल्या होत्या. त्या प्रवासापुरत्या असतात, मुक्कामासाठी नसतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण तेही ३० अंशांच्या आत.

केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानावर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांत वरखाली होत चार आठवडे राहिलेल्या इन्सुलिनची ताकद जवळजवळ तशीच टिकल्याचं त्यात दिसलं. गरीब देशांसाठी ही दिलाशाची गोष्ट आहे. पण मे महिन्यातल्या विदर्भात टिनाखालची दुपार ३७ अंशांवर थांबत नाही, आणि हा खोका तिथे सोमवार, मंगळवार आणि बुधवार असा पडून होता.

बुधवार, संध्याकाळी ७ : ६९ तास आधी

जुन्या घरात आता राहणाऱ्या काकू गावाहून परतल्या. वॉचमनने खोका त्यांच्या हाती दिला. वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत ‘कीप कूल’ लिहिलं होतं. त्यांनी खोका उघडला, औषध आहे हे ओळखलं. कुणाचं तरी महागाचं औषध उन्हाने वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सगळी पाकिटं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली.

काकूंचं यात काहीच चुकलं नाही. ‘गोठवू नका’ ही सूचना पाकिटाच्या बाजूला बारीक इंग्रजीत होती. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, हे ज्या घरात ते रोज टोचलं जात नाही तिथे कुणाला ठाऊक असणार? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या इन्सुलिनच्या खोक्यावर ही एक ओळ मराठीत, ठळक छापायला कंपन्यांना काय अडचण आहे, हे मला खरोखर कळत नाही.

गुरुवार, रात्री १० : ४२ तास आधी

ताईने लांब पल्ल्याच्या जुन्या पेनातला शेवटचा डोस दिला. पोरीच्या अंगात गेलेलं खात्रीचं शेवटचं रात्रीचं इन्सुलिन ते हेच. झटपटवाल्या पेनात शुक्रवारच्या दोन जेवणांपुरतं शिल्लक होतं. महिन्याचं पार्सल अजून कसं आलं नाही म्हणून ताईने ऍप उघडलं, तेव्हा सोमवारची ‘डिलिव्हर्ड’ ही नोंद आणि खाली नागपूरचा पत्ता दिसला.

शुक्रवार, सकाळी ९ : ३१ तास आधी

कंपनीच्या ग्राहक सेवेचं उत्तर ठरलेलं होतं. पार्सल पोचलेलं आहे, तक्रार नोंदवली आहे, दोन ते तीन कामाच्या दिवसांत कळवू. औषध मुलीच्या जिवाचं आहे, नवीन पार्सल आजच पाठवा, असं ताईने सांगून पाहिलं. पलीकडच्या मुलीच्या हातात तो अधिकार नव्हता. वर्ध्यातल्या औषध दुकानदाराने नेमकं हेच इन्सुलिन सोमवारी मागवून देतो म्हटलं.

त्याच वेळी डॉक्टरांना फोन करून दोन दिवसांपुरतं दुसऱ्या जातीचं इन्सुलिन चालवता आलं असतं. तसं करायचं असतं, हे त्या घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष पार्सलवर होतं.

शुक्रवार, दुपारी २ : २६ तास आधी

भाऊजींनी गाडी काढली आणि बुटीबोरीमार्गे नागपूर गाठलं. काकूंनी त्यांना पाणी दिलं, पन्हं दिलं, आणि सकाळीच फोनवर बोलणं झाल्यामुळे पाकिटं बर्फाच्या कप्प्यातून काढून खालच्या कप्प्यात आणून ठेवल्याचं सांगितलं. भाऊजींनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली, पाण्याच्या थंड बाटल्यांच्या मधोमध ठेवली, एसी पूर्ण सोडला आणि वाटेत कुठेही न थांबता वर्ध्याला आले. संध्याकाळी सहाला त्यांचा मेसेज मला आला : पार्सल मिळालं. मी देवाला हात जोडले. आमच्या सगळ्यांच्या दृष्टीने संकट तिथे संपलं होतं.

शुक्रवार, रात्री ८ ते १० : २० ते १८ तास आधी

नवी काडतुसं पेनात बसवली. एकेका काडतुसात तीन मिलिलिटर, म्हणजे तीनशे युनिट. ताईने पेन उजेडात धरून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर ते टाकून द्यायचं, हे तिला शिकवलेलं होतं. पण बिघडलेलं इन्सुलिनसुद्धा स्वच्छ दिसू शकतं. ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, वासाने नाही, टोचल्यावरही नाही.

जेवणाआधी झटपटवालं दिलं, दहाला लांब पल्ल्याचं दिलं. पोर झोपली.

शनिवार, पहाटे २ : १४ तास आधी

ताई रोजच्यासारखी साखर बघायला उठली. मीटरवर ३१२. रात्री आंबा खाल्ला होता, त्याने चढली असेल असं वाटलं. तिने हिशोबाने जादा डोस दिला, त्याच पेनातून.

शनिवार, सकाळी ७ : ९ तास आधी

३९४. पोर रात्रीत चार वेळा लघवीला उठली होती आणि तांब्याभर पाणी प्यायली होती. पुन्हा डोस दिला, पुन्हा त्याच पेनातून.

इथे थांबून मला सांगायचं आहे. दुरुस्तीचा डोस देऊनही साखर उतरत नाही, तेव्हा मुलाने काय खाल्लं याचा शोध घेण्याआधी इन्सुलिनवर संशय घ्यायचा असतो. पेन बाजूला ठेवून दुसऱ्या खात्रीच्या इन्सुलिनने डोस द्यायचा, केटोन तपासायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. मधुमेही मुलांच्या पालकांना आजारपणाच्या दिवसांसाठी जे नियम शिकवायला हवेत, त्यांत हा अगदी वरचा आहे. ताईला इंजेक्शन कसं द्यायचं ते नीट शिकवलं होतं, हा नियम मात्र तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत निदान होतं, पेन हातात येतं आणि पुढचं शिक्षण राहून जातं.

शनिवार, सकाळी १० : ६ तास आधी

पहिली उलटी. पाठोपाठ पोटदुखी.

विदर्भात मे महिन्यात मूल ओकलं तर घरात एकच निदान होतं : ऊन लागलं. ताईच्या सासूबाईंनी पोरीच्या तळपायांना कांदा चोळला, कुलरसमोर निजवलं आणि गूळ घालून केलेलं कैरीचं पन्हं वाटीवाटीने पाजलं. त्यांच्या हातून कितीतरी पोरं उन्हाच्या झळांतून अशीच वाचलेली आहेत. या वेळी रक्तातल्या साखरेत गुळाची भर पडत गेली.

आत चाललं होतं ते वेगळंच. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर कितीही असो, पेशींना ती वापरता येत नाही. शरीर उपाशी असल्यासारखं वागतं आणि चरबी जाळायला लागतं. त्या जळण्यातून यकृतात केटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. जादा साखर लघवीवाटे पाणी आणि क्षार घेऊन बाहेर पडते, म्हणून तहान, म्हणून कोरडी जीभ. उलट्या आणि पोटदुखी त्या आम्लामुळे. वैद्यकात याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी टाइप १ झालेल्या मुलांचा शेवट बहुधा याच वाटेने होत असे.

शनिवार, दुपारी १२ : ४ तास आधी

उलट्या कमी झाल्या. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पोर गप्प पडून होती, हाक मारली तर डोळे उघडायची. श्वास खोल आणि जोराचा चालू होता, धावून आल्यासारखा. मी फोनवर होते. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतोय, असं ताई म्हणाली.

रक्तातलं आम्ल बाहेर टाकण्यासाठी शरीर असा श्वास घेतं. ऊन लागलेल्या मुलाच्या श्वासाला असा वास येत नाही. मधुमेही मुलाच्या बाबतीत खोल श्वास आणि हा वास दिसला की घरगुती उपाय तिथेच थांबवायचे आणि गाडी काढायची.

शनिवार, दुपारी २ : २ तास आधी

मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ उमटलं. बहुतेक मीटर साखर ६०० च्या वर गेली की आकडा दाखवत नाहीत. भाऊजींनी धावत जाऊन दुकानातून लघवीतले केटोन तपासण्याच्या पट्ट्या आणल्या. पट्टी गडद जांभळी झाली.

डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला : इन्सुलिन कुठून आणलं? भाऊजींनी पार्सलची हकिगत सांगितली. पलीकडून एवढंच आलं की त्या पेनातलं आता काहीही देऊ नका, असाल तसे निघा.

शनिवार, दुपारी ३ : १ तास आधी

गाडीत ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पोर निजली होती. आधी ‘पाणी’ म्हणत होती. नंतर तेही थांबलं.

शनिवार, दुपारी ४

रुग्णालयाच्या दारात तिला उचललं तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. रक्ताचा पीएच ६.९८ निघाला. ७.१ च्या खाली गेला की कीटोॲसिडोसिस तीव्र धरतात.

पुढचे उपचार संयमाचे होते. आधी सलाइन, तेही मोजून. साधारण तासाभराने इन्सुलिनचा बारीक ठिबका, वजनाच्या दर किलोला ताशी ०.१ युनिटच्या आसपास, आणि त्यासोबत पोटॅशियम, कारण इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने उतरतं. साखर घाईने खाली आणत नाहीत. अशा मुलांमध्ये शंभरात एखाद्याच्या मेंदूला सूज येते आणि तीच सर्वांत जीवघेणी ठरते. रात्रभर परिचारिका दर तासाला तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बुबुळं तपासत होती. रविवारी दुपारी पोरीने ताईला ओळखलं.

इन्सुलिन टिनाखालच्या उन्हाने मेलं की बर्फाने, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि उपचारासाठी त्याची गरजही नव्हती. दोन्हींपैकी एकही घडलं असतं तरी ते वापरायचं नव्हतं. कंपनीने नंतर पैसे परत केले.

पत्ता बदलताना जिथून औषध येतं तिथे जुन्या आणि आपोआप निघणाऱ्या प्रत्येक ऑर्डरीचा पत्ता स्वतः उघडून तपासा. औषध दुकानदार थंड पिशवीत हातात देत असेल तर तेच घ्या. घरात एक पेन आणि एक पेटी जास्तीची ठेवा. फ्रीज नसेल, वीज जात असेल, तर ओल्या वाळूत किंवा दुहेरी मातीच्या मडक्यात इन्सुलिन सावलीला ठेवा, पण बर्फाला लागू देऊ नका. केटोनच्या पट्ट्या संपू देऊ नका. आणि जुन्या पत्त्यावर पडून राहिलेलं पार्सल कितीही खटपटीने परत मिळालं, कितीही महागाचं असलं, तरी त्यातलं इन्सुलिन मुलाला टोचू नका. ते फेकून द्या आणि डॉक्टरांना फोन करा.