गामाचे १९१० साल

कुस्तीच्या फडात एक शब्द वारंवार कानी पडतो : निकाली कुस्ती. तिला घड्याळाचे बंधन नाही आणि गुणांचा हिशेब नाही. दोघांपैकी एकाची पाठ मातीला लागेपर्यंत लढत चालायची, एवढाच तिचा करार. कोल्हापूर-सांगलीकडच्या फडांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. आज ज्या मल्लाविषयी मी बोलणार आहे, त्या गामाने १९१० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाचा पट्टा मिळवला, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो पट्टा त्याच्या हाती आला त्या दिवशी त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी उभाच नव्हता, ही हकीकत मात्र गौरवाच्या भरात बहुधा राहून जाते. ती नीट सांगितली, तर त्या वर्षाचे खरे मोल आपल्या ध्यानी येईल असे मला वाटते.

गामाचे मूळ नाव गुलाम मुहम्मद. मूळच्या काश्मिरी आणि पुढे पंजाबात स्थायिक झालेल्या मल्लांच्या घराण्यात, १८७८ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. पित्याचे छत्र लहानपणीच हरपले आणि दतिया संस्थानच्या आश्रयाने तो वाढला. दहाव्या वर्षी जोधपूरला बैठकांच्या चढाओढीत, शेकडो जाणत्या मल्लांच्या मेळ्यात हा पोरगा शेवटच्या काही जणांत टिकून राहिला आणि महाराजांनी त्यालाच विजयी ठरवले, ही कथा प्रसिद्ध आहे. पुढे वीस वर्षांत हिंदुस्थानातले बहुतेक नामांकित मल्ल त्याने पाडले. एकटा रहीमबक्ष सुलतानीवाला तेवढा उरला होता. हा मल्ल गामापेक्षा वयाने मोठा आणि उंचीने कितीतरी अधिक. त्याच्याशी झालेल्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या.

१९१० च्या वसंतात गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्ल इंग्लंडला पोहोचले. त्यांना नेणारा व्यवस्थापक होता आर. बी. बेंजामिन, आणि खर्चाचा भार उचलला होता शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाने. तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. वंगभंगाचा वणवा अजून विझला नव्हता. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वेळी राज्यकर्त्यांच्या राजधानीत जाऊन, त्यांच्याच डोळ्यांदेखत, बाहुबळात कोण श्रेष्ठ हे ठरवायला चार हिंदी पैलवान निघाले होते.

लंडनमध्ये त्या वेळी कुस्तीचा धंदा जोरात होता. हॅकेनश्मिट या रशियन मल्लाने तेथील लोकांना तिचे वेड लावले होते. पण ती कुस्ती नाटकगृहांच्या रंगमंचावर चाले, आणि कित्येकदा नाटकासारखीच तिची संहिता आधी ठरलेली असे. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. गामाने वृत्तपत्रांतून जाहीर आव्हान दिले की, जो कोणी पाच मिनिटे आपल्यापुढे टिकेल, त्याला पाच पौंड देऊ. उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आत आणि वजन दोनशे पौंड. बाहेरून पाहणाऱ्याला हा मनुष्य काही अजस्र वाटत नव्हता. त्यामुळे आव्हानाची टिंगल झाली, आणि मोठ्या नावांचे मल्ल पुढे येईनात. वाट पाहण्यात काही महिने गेले.

अखेर ८ ऑगस्ट रोजी अल्हाम्ब्रा नाटकगृहात अमेरिकेचा बेंजामिन रोलर त्याच्यापुढे उभा राहिला. रोलर पेशाने डॉक्टर आणि शरीराने गामापेक्षा बराच भारी. तीनपैकी दोन वेळा पाडील तो विजयी, असा तिकडचा नियम होता. गामाने पहिल्यांदा त्याला दोन मिनिटांच्या आत पाडले आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत. ५ सप्टेंबरला इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला त्याहूनही झटपट दोनदा चीत केले. आता टिंगलीचा सूर पालटला. ‘जॉन बुल’ या साप्ताहिकाने जगज्जेत्यासाठी ठेवलेला पट्टा आणि अडीचशे पौंडांचे इनाम यांसाठी गामाची लढत पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी ठरली.

ही लढत १० सप्टेंबर १९१० रोजी, शनिवारी, शेफर्ड्स बुश येथील मैदानात झाली. दोनच वर्षांपूर्वी, १९०८ च्या ऑलिंपिकसाठी, हे मैदान बांधले होते. कुस्ती सुरू होऊन मिनिटभरही झाले नसेल, तोच गामाने झिबिस्कोला खाली घेतले. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे घडले. पुढे जे झाले ते मात्र कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. झिबिस्को गादीला चिकटून बसला. गामापेक्षा सुमारे पन्नास पौंडांनी अधिक असलेले आपले वजन त्याने जमिनीवर सोडून दिले आणि तो उठेचना. गामा एका बाजूने डाव टाकी, तो दुसऱ्या बाजूला भार टाकी. दोन तास आणि वर पस्तीस मिनिटे हा प्रकार चालला. अधूनमधून तो उठे, पण पुन्हा खालीच आश्रय घेई. प्रेक्षक ओरडून थकले. शेवटी काळोख पडू लागल्यामुळे पंचांनी कुस्ती थांबवली.

झिबिस्कोला त्या दिवशी भित्रा ठरवण्यात आले. आपण थोडे समतोलपणे पाहू. नोव्हेंबर १९०९ मध्ये अमेरिकेचा जगज्जेता फ्रँक गॉच याच्यापुढे तो तासभर टिकला होता आणि त्या टिकण्याने त्याचे नाव झाले होते. मग १ जून १९१० रोजी शिकागोत पुन्हा गॉचशी गाठ पडली. झिबिस्कोने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तोच गॉचने पायात हात घालून काही सेकंदांत त्याला पाडले. अशा अनुभवानंतर शंभर दिवसांनी जो मनुष्य गामासमोर उभा राहिला, त्याने सावधपणा हेच शस्त्र मानले तर नवल ते काय? तिकडच्या नियमांत पालथे पडून राहणे हा पराभव नव्हता. दोन्ही खांदे टेकल्याखेरीज हार नाही. आपल्याकडेही खाली बसून कुस्ती धरणारे मल्ल असतातच. पण मातीत अंगाला धूळ लागते, पकड बसते, आणि फड भोवती उभा राहून अशा मल्लाला बसू देत नाही. गादीवर घामाने निसरडे झालेले अडीचशे पौंडांचे अंग उलथणे ही गोष्ट गामाला नवी होती. शक्ती त्याच्याजवळ होती. त्या दिवशी उणी पडली ती माती.

पुढच्या शनिवारी, १७ सप्टेंबरला, कुस्ती पुन्हा ठरली. गामा मैदानात हजर झाला. झिबिस्को आलाच नाही. पंचांनी गामाला विजयी घोषित केले, पट्टा त्याच्या स्वाधीन केला, आणि ‘रुस्तुम-ए-जमान’, म्हणजे जगज्जेता, ही पदवी त्याला कायमची चिकटली. नियमाने ही जीत निर्विवाद होती. पण जन्मभर निकाली कुस्ती लढलेल्या मल्लाला रिकाम्या गादीवर मिळालेला पट्टा कितपत गोड लागला असेल? त्यातून जगज्जेतेपदाचा दुसरा धनी, गॉच, अटलांटिकपलीकडे बसला होता. गामाने त्याला आव्हान दिले. ती कुस्ती कधीच झाली नाही. गॉच १९१७ साली वारला. म्हणजे जगाने गामाला जिंकलेला मानले, परंतु ज्यांना जिंकायचे ते समोर आले नाहीत.

परत आल्यावर अलाहाबादेत रहीमबक्षाशी त्याची गाठ पडली आणि तेथे जुने कोडे सुटले. रहीमबक्षाला मैदान सोडावे लागले व गामा ‘रुस्तुम-ए-हिंद’ ठरला. महाराष्ट्राशीही या घराण्याचा धागा जुळला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, त्या मैदानात इमामबक्षाने गुलाम मोहिद्दीनला पाडले. गामासारख्या मल्लांना पोसणारा आश्रय दतिया, पतियाळा, कोल्हापूर अशा दरबारांचा होता, हे येथे विसरता येत नाही.

लंडनची अपुरी कुस्ती पुरी व्हायला सतरा वर्षे लोटावी लागली. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी झिबिस्कोला हिंदुस्थानात बोलावले. मधल्या काळात तो काही मावळला नव्हता. १९२१ आणि १९२५ साली अमेरिकेत त्याने जगज्जेतेपद मिळवले होते. दोघेही आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. सलामी झाली, हातांना हात लागले, आणि मिनिट पुरे होण्याच्या आत झिबिस्को चीत झाला. लंडनमध्ये अडीच तासांत जे घडले नाही, ते येथे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडले. माझ्या मते १९१० सालचा पट्टा गामाने खऱ्या अर्थाने कमावला तो या दिवशी. आणि झिबिस्कोच्या पदरीही एक गोष्ट टाकली पाहिजे : एकदा न येणारा हा मनुष्य दुसऱ्यांदा सात समुद्र ओलांडून, प्रतिस्पर्ध्याच्या भूमीवर, पराभव पत्करण्याची जोखीम घेऊन आला.

माती आणि गादी यांचा हा प्रश्न गामाबरोबर संपला नाही. १९४८ साली त्याच लंडनमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ऑलिंपिकच्या गादीवर उतरले आणि सहावे आले. गादीचे तंत्र त्यांनी आत्मसात केले, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. गामाला हे शिक्षण देणारे कोणी नव्हते, आणि काळानेही त्याला तेवढी सवड दिली नाही.

फाळणीनंतर गामा लाहोरात राहिला. दरबार गेले, त्यांच्याबरोबर खुराकही गेला, आणि अखेरचे दिवस आजारपणात व ओढगस्तीत गेले. मे १९६० मध्ये त्याचे निधन झाले. दोन देश त्याला आपला म्हणतात. तो पट्टा कोणत्या दिवशी मिळाला, हे पाठ करणारे पुष्कळ आहेत. पण तो मिळाल्यावरही सतरा वर्षे आपली कुस्ती निकाली व्हायची राहिली आहे, हे ज्याने मनात धरले आणि वयाची सबब न सांगता जो पुन्हा सलामीला उभा राहिला, त्या मल्लाची आठवण ठेवणे अधिक उचित होईल.