रंगभूमीवरचा उजेड

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीता स्वयंवरा’चा खेळ केला, तेव्हा वीज नव्हती, तेलावातीवरच भागवायचे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. तोंडावरचा भाव दिसायचा तर नटाने दिव्यापाशीच यायला हवे. पुढे किटसनच्या बत्त्या आल्या, मग विजेचे दिवे. तारेचा साधा दिवा वॉटमागे साधारण १५ ल्युमेन उजेड देई; आजचा एलईडी १०० हून अधिक देतो. म्हणजे पूर्वी मर्यादा तेल घाली, आता ती आपणच घालायची.

कुठे घालावी? कोसबाडकरांनी आपल्याच जिल्ह्यातला, जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा आठवावा. मशालीच्या हलत्या उजेडात मुखवट्यावर नाकाची, भुवयांची सावली हलते, नि देव जिवंत होतो. त्याच मुखवट्यावर समोरून झगझगीत एलईडी टाका. सावली गेली, देव सपाट झाला!

तेव्हा शाळेच्या संमेलनात गुरुजींनी दिवा बाजूने, जरा वरून लावावा, आणि शेवटच्या रांगेत बसून पाहावे. नटाचे डोळे दिसले, की तेवढा उजेड पुरे.